जुनी ॲक्सेसची फाइल: हलवावी की राहू द्यावी?

महाराष्ट्रातल्या पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, खाजगी शाळा, सीएंची आणि वकिलांची कार्यालयं यांत अजूनही कितीतरी ठिकाणी रोजचा कारभार मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसच्या कार्यक्रमातल्या एका एमडीबी फाइलवर चालतो. सभासदांची यादी, किर्द, खतावणी, पावत्या, थकबाकीच्या नोटिसा, सगळं तिच्यातच. करून देणारा माणूस बहुधा आता संपर्कात नसतो, पण फाइल चालत असते. मग एक दिवस जुना पीसी बंद पडतो, नव्यावर विंडोज ११ येतं आणि फाइल उघडत नाही. किंवा उघडते, पण पावतीचं बटण दाबलं की चूक दाखवते. तिथून ‘आता सगळंच नवीन करून घ्या’ हा सल्ला सुरू होतो.

हा सल्ला लगेच मानू नका. अपग्रेड म्हणताना आपण चार निरनिराळे निर्णय एकाच पिशवीत भरत असतो. ॲक्सेसची आवृत्ती बदलायची का? फाइलचा प्रकार बदलायचा का? डेटा ॲक्सेसमध्येच ठेवायचा की डेटाबेस सर्व्हरवर न्यायचा? आणि जुन्या फॉन्टमध्ये भरलेली मराठी नावं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणाऱ्या प्रमाणित पद्धतीत, आणायची का? माझ्या मते पहिला बदल आता टाळता येत नाही, दुसरा बहुतेक वेळा तातडीचा नसतो, तिसरा कामाच्या स्वरूपावर ठरतो आणि चौथा सर्वांत कष्टाचा असतो. कोटेशनमध्ये मात्र या चौथ्याचा उल्लेखसुद्धा नसतो.

आधी आवृत्तीचं बघू, कारण तिथे तारखाच बोलतात. ऑफिस २००३ ची सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली, २००७ ची १० ऑक्टोबर २०१७ ला, २०१० ची १३ ऑक्टोबर २०२० ला आणि २०१३ ची ११ एप्रिल २०२३ ला. २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला एकत्रच संपल्या आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही त्याच दिवशी संपला. ज्या मशीनवर ईमेल उघडतात, बँकेची साइट वापरतात, त्याच मशीनवर ऑफिस २००७ चालू ठेवणं म्हणजे सभासदांच्या आधार, पॅन आणि ठेवींच्या नोंदी उघड्यावर ठेवणं. याला ‘चालतंय ना’ हे उत्तर पुरेसं नाही.

पण आवृत्ती बदलली म्हणून फाइलचा प्रकार बदलावाच लागतो असं नाही, आणि ही गोष्ट फार थोड्या लोकांना सांगितली जाते. ॲक्सेस २००० किंवा २००२-२००३ प्रकारातली एमडीबी आजचं ॲक्सेस उघडतं, तिच्यात नोंदी करू देतं, फॉर्मची रचनाही बदलू देतं. अडतं ते ॲक्सेस ९७ च्या फाइलचं. ॲक्सेस २०१३ पासून पुढच्या आवृत्त्या ९७ ची फाइल उघडतच नाहीत. तिला मधल्या टप्प्यावर न्यावं लागतं: ॲक्सेस २००७ किंवा २०१० असलेलं मशीन शोधायचं, तिथे २००२-२००३ प्रकारात रूपांतर करायचं आणि मग ती नव्या मशीनवर आणायची. असं मशीन आज कार्यालयात असेल तर ते भंगारात देण्याआधी हे काम उरकून घ्या.

त्याहूनही आधी एक गोष्ट तपासा: तुमच्याकडे एमडीबी आहे की एमडीई? एमडीईमध्ये कोड फक्त कंपाइल केलेल्या स्वरूपात असतो, मूळ काढून टाकलेला. तिच्यातले फॉर्म, रिपोर्ट किंवा मोड्यूल उघडून दुरुस्त करता येत नाहीत आणि ३२ बिटवर केलेली एमडीई ६४ बिट ॲक्सेसमध्ये उघडत नाही (ऑफिस या दोन रूपांत येतं). करून देणाऱ्याने फक्त एमडीई दिली असेल आणि मूळ एमडीबी सापडत नसेल, तर टेबलं आणि क्वेरी (टेबलांतून माहिती निवडून काढणाऱ्या जपलेल्या आज्ञा) वाचतील, पण फॉर्म-रिपोर्ट नव्याने करावे लागतील. खर्चाचा अंदाज या एका मुद्द्यावर कित्येक पटींनी बदलतो. जुन्या सीडी, पेन ड्राइव्ह, बॅकअपचे फोल्डर सगळे धुंडाळा.

नवं ॲक्सेस घेताना दोन ठिकाणी पैसे वाया जातात. एकदाच पैसे भरून मिळणाऱ्या होम अँड बिझनेस २०२४ मध्ये ॲक्सेस नसतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या बिझनेस बेसिकमध्येही नसतं, बिझनेस स्टँडर्डमध्ये असतं. आणि प्रत्येक टेबलावर पूर्ण ॲक्सेस लागतच नाही. ज्यांना फक्त नोंदी करायच्या आणि पावत्या काढायच्या त्यांच्या मशीनवर ॲक्सेस रनटाइम चालतं, आणि ते फुकट आहे. रचना बदलणाऱ्या एकाच माणसाला पूर्ण ॲक्सेस द्या. मात्र रनटाइममध्ये नॅव्हिगेशनची पट्टी दिसत नाही आणि न हाताळलेली चूक आली की कार्यक्रम सरळ बंद होतो, त्यामुळे सुरू होणारा फॉर्म ठरवलेला हवा आणि कोडमध्ये चूक हाताळण्याची सोय हवी.

दुसरी गोम बिटांची. ऑफिस २०१९ पासून सेटअप आपणहून ६४ बिट बसवतो. जुन्या कोडमध्ये विंडोजची फंक्शनं बोलावणाऱ्या ‘डिक्लेअर’ ओळी असतात. त्यांत ‘पीटीआरसेफ’ हा शब्द नसेल तर ६४ बिटमध्ये कोड कंपाइलच होत नाही, आणि तो शब्द घालून भागत नाही: हँडल आणि पॉइंटर साठवणारे ‘लाँग’ चल ‘लाँगपीटीआर’ करावे लागतात, नाहीतर कार्यक्रम मधेच कोसळतो. एमडीबी हाताळणारं ॲक्सेसचं जुनं इंजिन म्हणजे जेट; जेट ४ चा ओएलईडीबी प्रोव्हायडर, म्हणजे कोडला डेटापर्यंत नेणारा दुवा, हाही फक्त ३२ बिटमध्ये आहे. म्हणून सुरुवातीला ऑफिस मुद्दाम ३२ बिट निवडून बसवा. या कामाला ६४ बिटने वेग वाढत नाही, फाइलची २ जीबीची मर्यादाही वाढत नाही. एका मशीनवर सगळं ऑफिस एकाच बिटचं असावं लागतं, हे एक्सेल आधीच ६४ बिट असलेल्या ठिकाणी लक्षात ठेवा.

नव्या ॲक्सेसमध्ये फाइल उघडल्यावर काही मोडतं ते बहुधा रेफरन्समुळे, म्हणजे कोड बाहेरच्या ज्या घटकांवर विसंबतो त्यांच्यामुळे. व्हीबीए (ॲक्सेसमध्ये कोड लिहिण्याची भाषा) एडिटरमध्ये टूल्स, मग रेफरन्सेस उघडा. एखाद्या ओळीपुढे ‘मिसिंग’ दिसली तर तीच मुळाशी असते. गंमत अशी की एक रेफरन्स हरवला की त्याच्याशी काही संबंध नसलेली डेट, लेफ्ट, ट्रिम ही साधी फंक्शनंही चूक देऊ लागतात, आणि माणूस पावतीच्या कोडमध्ये दिवसभर दोष शोधत बसतो. हरवणारे घटक ठरलेलेच आहेत. कॅलेंडरचा कंट्रोल ॲक्सेस २०१० मध्ये काढून टाकला. तारखेच्या खान्याला २००७ पासून स्वतःचा डेट पिकर आहे, तोच वापरा. फाइल निवडण्याचा कॉमन डायलॉग असेल तर ऑफिसचा फाइलडायलॉग लावा. पिव्होट टेबल आणि पिव्होट चार्टचे व्ह्यू २०१३ मध्ये गेले; तो रिपोर्ट एक्सेलमध्ये न्यावा लागेल. स्नॅपशॉट प्रकारात जपलेले जुने अहवाल असतील तर जुन्या मशीनवरच त्यांच्या पीडीएफ करून घ्या.

काहीच मोडलेलं नसून बटणं नुसती गप्प असतील तर फोल्डर ‘ट्रस्टेड’ नाही असं समजा. फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्टेड लोकेशन्स इथे फोल्डर घालायचा. फोल्डर नेटवर्कवर असेल तर त्याच पानावरची नेटवर्कवरच्या ठिकाणांना परवानगी देणारी खूणही करावी लागते. फाइल ईमेलने किंवा ड्राइव्हवरून उतरवलेली असेल तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करा.

आता फाइलचा प्रकार. एमडीबीतून एसीसीडीबीत, म्हणजे ॲक्सेस २००७ पासूनच्या नव्या प्रकारात, गेल्याने पासवर्डसोबत खरं एन्क्रिप्शन मिळतं. जुन्या एमडीबीचा पासवर्ड काही मिनिटांत निघतो, त्याच्यावर भिस्त ठेवू नका. टेबलाच्या पातळीवर मॅक्रो लावून बदलांची नोंद ठेवता येते. पण जाताना दोन गोष्टी सुटतात. एमडीडब्ल्यू फाइलवर आधारलेली वापरकर्त्यांची सुरक्षा, म्हणजे कॅशिअरला हे दिसावं आणि व्यवस्थापकाला ते, ही एसीसीडीबीत नाही. रेप्लिकेशन, म्हणजे फाइलच्या अनेक प्रती एकमेकींशी जुळवत राहण्याची सोय, हीही नाही. जिथे एमडीडब्ल्यू आहे तिथे मालक म्हणून लॉगिन करून सगळ्या वस्तू आधी मोकळ्या कराव्या लागतात आणि परवानग्यांची व्यवस्था कोडमध्ये नव्याने बांधावी लागते.

आणखी एक पेच: त्याच एमडीबीवर व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेला एखादा कार्यक्रम चालत असतो. आपल्याकडे वसुलीचे, पगाराचे, वर्गणीचे असे कार्यक्रम भरपूर आहेत. डेटाची फाइल एसीसीडीबी केली की तो कार्यक्रम तत्काळ थांबतो, कारण तो जेट मागत असतो. अशा ठिकाणी डेटा एमडीबीतच राहू द्या आणि फॉर्म-रिपोर्टची फाइल तेवढी एसीसीडीबी करा. नवं ॲक्सेस एमडीबीतली टेबलं विनातक्रार लिंक करतं.

हे वेगळं करणं मी प्रत्येकाला सुचवेन, बाकी काही केलं नाही तरी. टेबलं एका फाइलमध्ये, शेअर्ड फोल्डरवर. फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट, कोड दुसऱ्या फाइलमध्ये, आणि तिची प्रत प्रत्येक मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर. डेटाबेस टूल्समध्ये ‘ॲक्सेस डेटाबेस’ हे बटण आहे, त्यातलं ‘स्प्लिट डेटाबेस’ काही मिनिटांत हे करून देतं. सगळे मिळून एकच फाइल नेटवर्कवरून उघडतात तिथे फाइल बिघडण्याचं मूळ बहुतेकदा तेच असतं. लॅनची वायर वापरा. वाय-फायवर जोडणी क्षणभर तुटली आणि त्याच क्षणी पान लिहिलं जात असेल तर फाइल खराब होते. वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये चालू डेटा ठेवूच नका: दोघांनी उघडली की दोन प्रती तयार होतात आणि कुठली खरी ते कुणालाच सांगता येत नाही. वापरणाऱ्या प्रत्येकाला त्या फोल्डरमध्ये फाइल तयार करण्याची आणि पुसण्याची परवानगी हवी, कारण लॉकची फाइल (कोण काय वापरतंय याची नोंद ठेवणारी) तिथेच जन्मते आणि तिथेच संपते.

विंडोज बदलल्यामुळे येणारे दोन अडथळे इथेच सांगतो. २०१८ मधल्या विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीनंतर अनेकांना नेटवर्कवरची फाइल ‘इनकन्सिस्टंट स्टेट’मध्ये आहे असा संदेश येऊ लागला. कारण शेअरिंगमधलं लीजिंग, म्हणजे फाइलचा भाग तात्पुरता आपल्याकडे धरून ठेवण्याची मशीनला मिळणारी मुभा. जे मशीन फोल्डर शेअर करतं त्याच्या रजिस्ट्रीत लॅनमॅनसर्व्हरच्या पॅरामीटर्समध्ये ‘डिसेबललीजिंग’ नावाची डीवर्ड किंमत १ करायची आणि सर्व्हर सेवा पुन्हा सुरू करायची. हा उपाय मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेला आहे. दुसरं, विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत प्रो मशीन शेअरिंगला साइनिंग (प्रत्येक संदेशावर खरेपणाची सही) मागतं आणि पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून आत जाऊ देत नाही. जुन्या नॅस डब्यावर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कवर) किंवा एक्सपीच्या मशीनवर ठेवलेला डेटा म्हणूनच नव्या पीसीला दिसत नाही. नव्या पीसीवरची सुरक्षा ढिली करून तो रस्ता उघडू नका. डेटा विंडोज ११ च्या एका मशीनवर हलवा, प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड द्या.

एसक्यूएल सर्व्हरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सर्व्हरवर, जायचं का? दोन-चार जण वायरच्या लॅनवर काम करत असतील आणि कॉम्पॅक्ट केल्यावर (रिकामी राहिलेली जागा काढून टाकल्यावर) फाइल काहीशे एमबीची राहत असेल, तर नको. दुसरी शाखा जोडायची असेल, एका वेळी दहा-बारा जण लिहीत असतील, किंवा कॉम्पॅक्ट करूनही फाइल १ जीबीच्या पुढे असेल तर हो. मात्र आकाराचं कारण आधी पाहा. सभासदांचे फोटो आणि सह्यांचे नमुने ‘ओएलई ऑब्जेक्ट’च्या खान्यात ठेवलेले असतील तर फाइल त्यांनीच फुगलेली असते, कारण मूळ चित्रासोबत बिटमॅपचा वेष्टणासारखा भाग साठतो. चित्रं फोल्डरमध्ये काढा, टेबलात फक्त फाइलचं नाव ठेवा, मग कॉम्पॅक्ट करा आणि पुन्हा मोजा. एसीसीडीबीतला ‘अटॅचमेंट’ हा प्रकार मोहात पाडतो, पण पुढे सर्व्हरवर जाताना तो अडतो, म्हणून मी तो वापरत नाही.

जायचं ठरलं तर एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस फुकट आहे. २०२२ च्या एक्स्प्रेसमध्ये एका डेटाबेसला १० जीबी मिळतात, छोट्या कार्यालयाला भरपूर झाले. टेबलं नेण्यासाठी मायक्रोसॉफ्टचाच मायग्रेशन असिस्टंट आहे, तोही फुकट. तो चालवण्याआधी डेटा झाडून घ्या, कारण तो अडतो ते ठरावीक ठिकाणी. तारखांत कुणीतरी २०३ किंवा १०१२ असं वर्ष टाकलेलं असतं. ॲक्सेस इ.स. १०० पासूनच्या तारखा खपवून घेतं, एसक्यूएल सर्व्हरचा जुना डेटटाइम १७५३ च्या आधीचं वर्ष नाकारतो. हो-नाहीचे खाने तिकडे ‘बिट’ होतात आणि त्यांत रिकामी किंमत शिरली की नोंद जपताना ‘दुसऱ्या वापरकर्त्याने बदल केला आहे’ असा खोटा संघर्ष दिसतो. त्या खान्यांना रिकामं राहू न देता ० ही आपोआप किंमत द्या आणि प्रत्येक टेबलात नोंद बदलली की आपोआप बदलणारा एक ‘रोव्हर्शन’ खाना घाला. कोडमध्ये आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाचं टेबल उघडताना ‘डीबीसीचेंजेस’ नसेल तर ३६२२ क्रमांकाची चूक येते. नवीन पावतीचा क्रमांक पूर्वी ‘ॲडन्यू’नंतर लगेच मिळायचा, आता ‘अपडेट’ झाल्यावरच मिळतो. पावती छापणारा कोड इथे हमखास चुकतो. एक्स्प्रेसमध्ये ठरल्या वेळी कामं चालवणारा एजंट नाही, म्हणजे रात्रीचा बॅकअप आपोआप होत नाही. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून ‘एसक्यूएलसीएमडी’ चालवून तो लावायचा, आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर उतरवून बघायचा.

मराठी मजकुरासाठी खाने ‘एनव्हारकार’ या युनिकोड साठवणाऱ्या प्रकाराचेच हवेत. ‘व्हारकार’मध्ये नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि पासथ्रू क्वेरीत (थेट सर्व्हरला पाठवलेल्या आज्ञेत) मराठी शब्दाच्या अवतरणापुढे कॅपिटल एन नसेल तरीही तेच.

आता तो चौथा प्रश्न, फॉन्टचा.

२००० च्या आसपास भरलेल्या मराठी डेटात श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी, डीव्ही-टीटीयोगेश अशा फॉन्टची अक्षरं असतात. ती खरी देवनागरी नव्हे. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. ओळखायचं कसं? टेबल उघडून फॉन्ट एरिअल करा. नावं मराठीतच दिसली तर युनिकोड, इंग्रजी अक्षरांचा काला दिसला तर जुना फॉन्ट. असा डेटा आजच्या फोनवर, ईमेलमध्ये, एसएमएसमध्ये, सरकारी पोर्टलवर कुठेच चालत नाही, अकारविल्हे लागत नाही, शोध नीट लागत नाही. सर्व्हर बदलून यातलं काही सुधारत नाही. म्हणून पैसे आणि वेळ मर्यादित असतील तर माझा कौल आधी फॉन्ट बदलण्याला आहे, सर्व्हरला नंतर.

रूपांतरासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा, कधी एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्यांतही फरक. चुका ठरावीक जागी होतात. जुन्या फॉन्टमध्ये ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते. रफार जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आणि त्याच्या मात्रेच्या नंतर येतो, युनिकोडमध्ये ‘र्’ जोडाक्षराच्या आधी. दोन्ही एकत्र आले की साधा कन्व्हर्टर चुकतो. म्हणून चाचणीसाठी आर्थिक, निर्मिती, सिद्धार्थ, कीर्ती, विठ्ठल, लक्ष्मी, ज्ञानेश्वर, श्रीकृष्ण, गोऱ्हे, कुऱ्हाडे असे शब्द घ्या. शेवटचे दोन विशेष महत्त्वाचे: ऱ्ह आणि ऱ्य दोन पद्धतींनी साठवता येतात, एक ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेऊन, दुसरी साध्या ‘र्’पुढे न दिसणारा जोडक घालून. दिसायला दोन्ही सारखी, पण शोधात एक सापडतं आणि दुसरं नाही. ‘ऱ’वाली पद्धत ठरवा आणि रूपांतरानंतर सगळ्या टेबलांत तीच करून टाका.

जुना खाना पुसायचा नाही. शेजारी नवा खाना करा, रूपांतर त्यात घाला. दहा हजार सभासद असले तरी वेगवेगळी नावं, आडनावं, गावं फार कमी असतात. सगळ्या नोंदी तपासण्यापेक्षा शब्द सुटे करून त्यांची यादी काढा, ती मराठी नीट येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या आणि मग यादीवरून नोंदी भरा. इथे एक खड्डा आहे. ॲक्सेस तुलना करताना लहान-मोठी इंग्रजी अक्षरं एकच मानतं. कृतिदेवमध्ये लहान डी म्हणजे ‘क’ आणि मोठा डी म्हणजे अर्धा ‘क्’. म्हणजे ‘डिस्टिंक्ट’ लावून यादी काढली की दोन निराळे शब्द एकात विरघळतात, आणि टेबलं जोडली की एकाचं नाव दुसऱ्याला लागतं. यादी कोडमधून काढा, तुलना ‘स्ट्रकॉम्प’ने बायनरी प्रकारात करा, किंवा प्रत्येक शब्दाच्या अक्षरांचे कोड एका खान्यात लिहून तोच जोडणीसाठी वापरा.

बँकेचा खाते क्रमांक, पॅन, इंग्रजी नावं याच टेबलात असतील तर ते खाने कन्व्हर्टरपासून दूर ठेवा. पत्त्यासारख्या खान्यात मराठी-इंग्रजी मिसळलेलं असतं, ते हातानेच करावं लागतं. आकडे मजकुराच्या खान्यात असतील तर ते देवनागरी करू नका: ‘१२’ला व्हीबीएचं व्हॅल फंक्शन ० म्हणतं आणि बेरीज गप्पपणे चुकते.

युनिकोड आल्यावर कोडमध्येही थोडं काम निघतं. व्हीबीएच्या एडिटरला देवनागरी दिसत नाही; तिथे लिहिलेला मराठी संदेश प्रश्नचिन्हं होतो, मेसेजच्या चौकटीतही तेच. संदेश एका टेबलात ठेवा आणि स्वतःच्या छोट्या फॉर्मवर दाखवा. मजकुराची फाइल लिहिताना जुनी ‘ओपन फॉर आउटपुट’ पद्धत मराठी नष्ट करते, त्याऐवजी एडीओडीबी स्ट्रीमने यूटीएफ-८ मध्ये लिहा. रिपोर्टसाठी मंगल फॉन्ट गृहीत धरू नका. विंडोज १० पासून तो देवनागरीच्या जादा फॉन्टमध्ये गेला आहे आणि वेगळा बसवावा लागतो. निर्मला यूआय सगळीकडे असतो. त्याची उंची जुन्या फॉन्टपेक्षा निराळी, म्हणून छापील पावतीवर उकार कापले जातात आणि रक्कम चौकटीबाहेर जाते. कोऱ्या पावतीवर छापून, उजेडापुढे मूळ पावतीला लावून बघा.

प्रत्यक्ष हलवण्याचा क्रम असा ठेवा. सगळ्यांना बाहेर काढा, लॉकची फाइल गेल्याची खात्री करा, प्रत काढा. पुढचं सगळं प्रतीवर. प्रत्येक टेबलातल्या नोंदींची संख्या आणि रकमांच्या खान्यांची बेरीज कागदावर उतरवा. मग कॉम्पॅक्ट अँड रिपेअर. एखाद्या नोंदीत ‘डिलीटेड’ किंवा शेऱ्याच्या खान्यात चिनीसारखी अक्षरं दिसली तर तिथे बिघाड आहे. रूपांतर करायला जाऊ नका. कोरी फाइल घ्या, टेबलाची रचना आणा आणि नोंदी क्रमांकाच्या तुकड्यांनी भरा. पाचशेचा एक तुकडा अडला तर त्याचे अर्धे करत जा, खराब नोंद सापडते. कागदोपत्री पावती असतेच, तिच्यावरून ती हाताने भरा. मग फॉर्म-रिपोर्ट आणा, रेफरन्सेस नीट करा, डेटा हाताळणारी जुनी डीएओ ३.६ लायब्ररी काढून ॲक्सेसच्या नव्या इंजिनची लायब्ररी लावा, आणि डीबग मेनूतलं कंपाइल चूक न दाखवता पार पडेपर्यंत दुरुस्त करा. शेवटी कागदावरच्या संख्या आणि बेरजा पुन्हा जुळवा.

वेळ कोणती? मार्च-एप्रिल नको, ऑडिट चालू असताना नको. सहकारी संस्थांना ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते, म्हणून ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंतचा काळ चांगला. एक पूर्ण महिना दोन्हीकडे नोंदी करा. काम दुप्पट होतं आणि कर्मचारी कुरकुरतात, पण व्याजाची आकारणी महिनाअखेरीस होते आणि तिच्यातला फरक त्याआधी दिसत नाही. महिन्याची तेरीज दोन्हीकडे पैशासकट जुळली की जुनं बंद.

काही ठिकाणी मात्र ॲक्सेस सोडावंच लागेल. कार्यालय कंपनी म्हणून नोंदलेलं असेल आणि हिशेबाची पुस्तकं या फाइलमध्ये असतील, तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं आणि ती नोंद बंद न करता येणारं सॉफ्टवेअर कंपन्यांना बंधनकारक आहे. ॲक्सेसमध्ये बदलांची नोंद ठेवता येते, पण फाइल ज्याच्या हातात तो ती बंद करू शकतो. तेव्हा हिशेब तयार अकाउंटिंग पॅकेजमध्ये न्या, बाकीच्या याद्या ॲक्सेसमध्ये राहू द्या. फुकट म्हणून लिबरऑफिस बेसचं नाव घेतलं जातं. त्यात एमडीबीतली टेबलं वाचता येतात, पण फॉर्म, रिपोर्ट आणि व्हीबीए येत नाहीत, म्हणजे ते नवीन काम आहे असंच धरून खर्च काढा.

आणि जिथे अपग्रेड खरंच नको: फाइलमध्ये आता नवी नोंद होत नाही, फक्त जुनं बघायचं असतं. तिथे ती जुन्या ॲक्सेससकट एका व्हर्च्युअल मशीनमध्ये (पीसीच्या आत चालणाऱ्या आभासी पीसीत) ठेवा, तिची नेटवर्कची जोडणी बंद करा, प्रत्येक टेबलाची सीएसव्ही काढा आणि महत्त्वाच्या रिपोर्टच्या पीडीएफ. त्या फोल्डरमध्ये जुन्या फॉन्टची टीटीएफ फाइलही ठेवा आणि तिचं नाव, आवृत्ती एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. ती नसेल तर सीएसव्हीतली नावं वाचताही येणार नाहीत आणि पुढे कुणाला युनिकोडमध्ये आणायची झाली तर कोणता नकाशा लावायचा तेही कळणार नाही.